गळाला लागलेली माणसे

भिंतीवरची दिनदर्शिका माणसाला कोठे घेऊन जाईल ह्याचा नेम नाही. न्यूझीलंडात हॅमिल्टन गावी नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने यंदा मला एक दिनदर्शिका पाठविली. तिच्यावर तिथी नाहीत, एकादशी-प्रदोष नाहीत, आणि तिच्यातल्या सुट्ट्या आमच्या इंदुरात कोणाच्या उपयोगाच्या नाहीत. पण बारा महिन्यांची बारा चित्रे आहेत, आणि ती चित्रे म्हणजे त्या देशाच्या पर्यटन खात्याने व रेल्वेने पूर्वी छापलेल्या जाहिरातींच्या, म्हणजे पोस्टरांच्या, प्रतिकृती होत.

त्यांतल्या एका पानावर निळेशार सरोवर आहे. मागे बर्फाची टोपी घातलेला डोंगर आहे. पुढे मांडीभर पाण्यात एक मनुष्य उभा आहे; डोक्यावर हॅट, तोंडात पाइप, कमरेला लहानशी जाळी. त्याच्या हातातली काठी धनुष्यासारखी वाकली आहे आणि दोरीच्या टोकाशी एक मोठा मासा पाण्याबाहेर उसळला आहे. रंग मोजून पाचसहा. पण असे स्वच्छ, की खिडकी उघडल्यासारखे वाटावे.

मी जन्मात कधी गळ हातात धरलेला नाही. मासा हा पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात कधी आला नाही. असे असूनही त्या पानापुढे उभा राहिलो की क्षणभर वाटे, तिकिटाला किती पडत असतील ते एकदा विचारून ठेवावे. आमच्या सौभाग्यवतींचा मात्र अशा चित्रांवर विश्वास बसत नाही. पदराला हात पुसत त्या एकदा त्या पानापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं मोठं पाणी, आणि काठावर एक माणूस नाही? घाट नाही, देऊळ नाही, धुणं धुणारी बाई नाही. हे पाणी आहे तरी कुणाचं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधावे म्हणून ह्या पोस्टरांच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ह्या मासेमारीचा प्रकार सांगितला पाहिजे. आपल्याकडे गळ म्हटला म्हणजे आकड्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, दोरी पाण्यात सोडायची आणि स्वस्थ बसायचे. पोस्टरावरचा गृहस्थ करतो तो प्रकार निराळा. ट्राउट नावाचा मासा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्यात राहतो आणि पाण्यावर उतरणारे किडे, माश्या, चतुर असले जीव टिपून खातो. तेव्हा त्याला फसवायचे तर आमिष माशीचेच पाहिजे. पण खरी माशी आकड्यावर टिकत नाही. म्हणून पिसे, रेशमी दोरा, जनावराचे केस ह्यांची एक खोटी माशी बारीकशा आकड्यावर बांधतात. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून ती दगडासारखी भिरकावता येत नाही. वजन असते ते जाड दोरीला. काठीच्या झोकाने ती दोरी हवेत मागेपुढे खेळवून अशी सोडावयाची, की माशी पाण्यावर अलगद उतरावी. माशाला संशय आला की सारे फुकट. माशीने मासा धरण्याची ही विद्या इंग्रज लोकांनी फार वाढविली. आयझॅक वॉल्टन ह्याचा मासेमारीवरचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला, आणि १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन ह्याने माशी बांधून मासे धरण्याचे प्रकरण त्याला जोडले. पुढे तर हा खेळ म्हणजे सभ्य गृहस्थाचे लक्षणच होऊन बसला.

ह्या खेळात आपल्या देशाचाही एक हिस्सा आहे, हे वाचून मला मोठे नवल वाटले. सामन मासा धरण्यासाठी ज्या रंगीबेरंगी माश्या विलायतेत बांधीत, त्यांत एका पिसाला फार मान असे. काळसर पिसावर मेणाचा थेंब पडून वाळावा तसे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके असलेले ते पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे. हा पक्षी सह्याद्रीत आहे, सातपुड्यात आहे, पचमढीच्या रानात त्याची बांग ऐकू येते. स्कॉटलंडच्या नदीत सामनाला भुलविण्यासाठी मान मुरगळली जाई ती आपल्या रानातल्या कोंबड्याची! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ह्या पक्ष्याला कायद्याचे कवच मिळाले. तीच गोष्ट काठीची. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा कांबी एकमेकींना चिकटवून केलेली काठी ह्या खेळात उत्तम मानली जाई. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी लागणारा बांबू कलकत्त्याहून जहाजाने जात असे आणि 'कलकत्ता' ह्याच नावाने ओळखला जाई. चीनमधला टोंकिन बांबू बाजारात आल्यावर तो मागे पडला.

आता ह्या खेळाची पोस्टरे काढण्याचे कोणाला काय कारण? कारण सरळ आहे. ट्राउट आणि सामन गावात राहत नाहीत. त्यांना गाठण्यासाठी डोंगरात, आडबाजूच्या नदीवर जावे लागते. तेथवर रूळ टाकून बसलेल्या रेल्वे कंपन्यांना उतारू पाहिजे होते. ज्याच्याजवळ पैसा आहे, रजा आहे, आणि जो एका जागी आठ-पंधरा दिवस राहील, असा उतारू म्हणजे मासेमारीचा शौकीन. तो एकटा येत नाही. सामान आणतो, हॉटेलात उतरतो, वाटाड्या लावतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतो.

कॅनडात ही गोष्ट फार लवकर ओळखली गेली. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे रूळ १८८५ साली देशाच्या आरपार गेले आणि १८८८ साली रॉकी पर्वतात बॅन्फ येथे कंपनीने राजवाड्यासारखे हॉटेल उघडले. कंपनीचा कारभारी विल्यम व्हॅन हॉर्न ह्याचे धोरण असे सांगतात, की डोंगर काही उचलून परदेशी विकता येत नाहीत, तेव्हा परदेशची माणसेच डोंगराकडे आणली पाहिजेत. पुढे ह्या कंपनीने पोस्टरे छापण्याचा स्वतःचा कारखानाच चालविला. तेथे रेशमी पडद्यातून एकेक रंग दाबून चित्र उठवीत. पीटर एवर्ट (१९१८-२००१) ह्या चित्रकाराने कंपनीसाठी शिकार, मासे, बर्फावरचे खेळ ह्या विषयांवर काढलेली पोस्टरे आजही संग्राहक जपून ठेवतात.

इंग्लंडात नॉर्मन विल्किन्सन (१८७८-१९७१) हे नाव ह्या क्षेत्रात मोठे. १९०५ साली त्याने रेल्वेसाठी पहिले पोस्टर काढले तेव्हा जाहिरात म्हणजे अक्षरांची खिचडी असे. तिच्यात एखादे निसर्गचित्र जीव मुठीत धरून बसलेले असे. विल्किन्सनने सारा कागद चित्राला दिला आणि अक्षरे खाली एका ओळीत बसविली. १९२४ साली लंडन-मिडलंड-स्कॉटिश रेल्वेसाठी रॉयल अकॅडमीच्या नामांकित चित्रकारांकडून पोस्टरे काढवून घेण्याची कल्पनाही त्याचीच. गंमत अशी, की पहिल्या महायुद्धात १९१७ साली जहाजांवर वाकडेतिकडे पट्टे रंगवून शत्रूच्या पाणबुड्यांची नजर चकविण्याची युक्ती काढणारा मनुष्य हाच, आणि माशीने मासे धरण्याच्या नादाने झपाटलेला, त्या विषयाची सुरेख कोरीव चित्रे काढणारा शौकीनही हाच. शत्रूची नजर, उतारूची नजर आणि माशाची नजर अशा तिन्ही नजरांचा ज्याने अभ्यास केला, त्याच्या हाती पोस्टराची कला गेली ह्यात आश्चर्य नाही.

पोस्टर ही वस्तू तसबिरीसारखी निवांत पाहावयाची नव्हे. इंग्लंडच्या फलाटांवर त्याचे ठराविक माप असे: चाळीस इंच उंच आणि पंचवीस इंच रुंद, किंवा त्याच्या दुप्पट. गाडी पकडण्याच्या घाईतला मनुष्य चालता चालता दोन पळे बघणार. तेवढ्यात त्याच्या मनात गळ अडकला पाहिजे. म्हणून बारीकसारीक तपशील गाळावयाचा, सावल्या सपाट ठेवावयाच्या, रंग थोडे पण ठसठशीत घ्यावयाचे. काय दाखवावे ह्याच्यापेक्षा काय गाळावे ह्यातच पोस्टरकाराची खरी परीक्षा. हे 'गाळणे' वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते कामाला येणार आहे.

आता माझ्या दिनदर्शिकेच्या देशाकडे वळू. न्यूझीलंड सरकारने १९०१ साली 'पर्यटन व आरोग्यस्थाने' असे एक खाते उघडले. पर्यटनासाठी सरकारने स्वतंत्र खाते काढण्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानतात. त्याचा पहिला प्रमुख थॉमस डॉन हा स्वतः शिकारी व मासेमारीचा भोक्ता होता. १९२७ साली त्याने न्यूझीलंडातल्या मासेमारीवर पुस्तकही लिहिले. पुढे १९२० साली तेथील रेल्वेने आपली प्रसिद्धी शाखा काढली आणि चित्रकार पगारावर नेमले. ऊन पाण्याचे झरे, बर्फाचे डोंगर, हरणाची शिकार आणि ट्राउट, हे त्यांचे नेहमीचे विषय. पुष्कळ पोस्टरांवर चित्रकाराचे नावच नसे. सरकारी नोकर, महिन्याचा पगार घ्यावा, चित्र काढावे आणि घरी जावे. माझ्या पानावरच्या चित्राखालीही कोणाची सही नाही.

जाहिरातीत सांगत होते ते मात्र खोटे नव्हते. उत्तर बेटाच्या मध्यावर टाउपो नावाचे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर. एका प्रचंड ज्वालामुखीच्या मुखात ते भरले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दहा-दहा पौंडांचे ट्राउट निघत. विलायतेत जन्मभर नदीकाठी उभे राहणाऱ्यालाही असा मासा स्वप्नात दिसावयाचा. १९२६ साली झेन ग्रे हा लोकप्रिय अमेरिकन कादंबरीकार तेथे येऊन मासे धरून गेला, आणि त्याने लिहिलेल्या पुस्तकाने ह्या देशाची कीर्ती अमेरिकाभर केली. पोस्टर आणि पुस्तक, दोहोंचा सूर एकच होता: मासेमारांचा स्वर्ग तो हाच.

पण ह्या स्वर्गातल्या माशाचे मूळ गाव कोणते, हे पाहू लागलो आणि मला पहिला धक्का बसला. ट्राउट हा न्यूझीलंडचा मासाच नव्हे! दक्षिण गोलार्धात तो मुळात कोठेच नव्हता. तो तेथे कसा गेला ह्याची हकीकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे.

ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या इंग्रजांना घरच्या नदीची आठवण येई, आणि तेथे सामन नाही ह्याचे फार दुःख होई. जेम्स यूल नावाच्या गृहस्थाने सामनाची अंडी जहाजाने नेण्याचा ध्यास घेतला. वाटेत विषुववृत्ताचे ऊन. अंडी दर वेळी मरून जात. अखेर ओल्या शेवाळात अंडी घालून त्या पेट्या बर्फाखाली पुरल्या तर ती तग धरतात असे दिसून आले. जानेवारी १८६४ मध्ये 'नॉरफोक' हे जहाज लंडनहून निघाले. सामनाची लाखभर अंडी त्यात होती. आणि फ्रँक बकलंड व फ्रान्सिस फ्रान्सिस ह्या दोघा मत्स्यप्रेमी गृहस्थांनी अखेरच्या घटकेला दिलेली ट्राउटची तीनएक हजार अंडी होती, ती जवळजवळ पदरमोड म्हणून. एप्रिलात जहाज पोचले, टास्मानियातल्या प्लेन्टी नदीकाठच्या तळ्यांत अंडी सोडली आणि मे महिन्यात पिल्ले बाहेर आली. पुढे झाले ते असे: ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो सामन समुद्रात गेला तो परत आलाच नाही, आणि पासंगाला टाकलेला ट्राउट मात्र तेथे रुजला, फळला, फुलला.

१८६७ साली टास्मानियातून त्याची अंडी न्यूझीलंडात गेली. १८८३ साली कॅलिफोर्नियातून इंद्रधनुषी ट्राउट आला. परदेशचे पशुपक्षी आणून रुजविण्यासाठी तेथे जागोजाग मंडळ्या स्थापन झाल्या होत्या. त्यांनी डब्यांत घालून, घोड्यांवर लादून ही पिल्ले नदीनदीत, तळ्यातळ्यांत सोडली. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत टाउपोतही ट्राउट पोचला. म्हणजे पाहा, इंग्रजाने बारा हजार मैलांवर आपल्या घरचा मासा नेऊन ठेवला, आणि मग पोस्टर छापून दुसऱ्या इंग्रजाला सांगितले, की ये, परदेश पाहा!

येथवर हसण्यासारखे आहे. पुढचे नाही.

टाउपोचे पाणी ट्राउट येण्यापूर्वी रिकामे नव्हते. त्यात कोआरो नावाचा बोटाएवढा मासा होता. तळ्याकाठी पिढ्यानपिढ्या राहणारे न्गाती तूफारेतोआ हे माओरी लोक तो मासा पकडून खात, सुकवून ठेवीत, पाहुण्याला वाढीत. ट्राउटला तर हे आयते अन्न मिळाले. दहा पौंडांचा मासा झाला तो कशाने, ह्याचे उत्तर हे असे आहे. पोस्टरावर उसळणाऱ्या त्या माशाच्या पोटात तळ्याकाठच्या लोकांचे जेवण होते.

काही वर्षांत कोआरो जवळजवळ संपला. आणि मग ट्राउटचीही उपासमार सुरू झाली. मासे संख्येने फार आणि अंगाने काटकुळे होऊ लागले. तेव्हा ज्या सरकारने स्वर्ग म्हणून त्यांची जाहिरात केली, त्याच सरकारला जाळी टाकून ट्राउट काढून टाकावे लागले. पुढे १९३४ पासून स्मेल्ट नावाचा दुसरा लहान मासा मुद्दाम आणून सोडला, तो ट्राउटने खावा म्हणून. त्याने ट्राउट सावरला. कोआरो मात्र सावरला नाही, कारण नव्या पाहुण्याच्या स्पर्धेला आता तेही तोंड देईना.

दुसरी गोष्ट उपोकोरोरो ह्या माशाची. न्यूझीलंडच्या नद्यांतून त्याचे थवेच्या थवे फिरत. रान तुटले, नद्या गढूळ झाल्या, ट्राउट आला. ह्यांपैकी कोणत्या कारणाने किती घात केला ह्यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १९२० च्या दशकानंतर तो खात्रीने कोणाला दिसलेला नाही. आणि १९५१ साली सरकारने कायदा करून त्याला संरक्षण दिले! मेलेल्या माणसाच्या नावाने औषधाची चिठ्ठी लिहून द्यावी तसे हे झाले.

मासा गेला, तर ट्राउट खावा, असे कोणी म्हणेल. पण ट्राउट हा खेळाचा मासा. तो धरावयाचा तर परवाना पाहिजे, आणि परवान्याला पैसे पाहिजेत. ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्या पाण्यावर पोट भरले, त्यांनी त्याच पाण्यातला मासा परवान्याशिवाय धरला तर तो चोरीचा. असे खटले माओरींवर झाले आहेत, दंडही झाले आहेत. ट्राउट विकण्यास तेथे आजही कायद्याने बंदी आहे. पुतण्याने एकदा सहज लिहिले होते, की इथल्या मंडईत सगळे मासे मिळतात, पण ट्राउट मिळत नाही. कोणी मित्राने धरून दिला तरच. तेव्हा ती मला एक मौज वाटली होती.

आणि येथे १८४० सालचा वैतांगीचा तह आठवतो. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला इंग्लंडच्या राणीचा प्रतिनिधी आणि माओरी सरदार ह्यांच्यात हा तह झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाच्या इंग्रजी पाठात माओरींच्या जमिनी, जंगले आणि मासेमारीची ठिकाणे त्यांच्याकडे निर्वेध राहतील असे स्पष्ट शब्दांत आहे. त्या प्रसंगाचे एक तैलचित्र प्रसिद्ध आहे. मेजाशी वाकून सही करणारा सरदार, भोवती निशाणे आणि लाल डगले. ते १९३८ साली काढले मार्कस किंग (१८९१-१९८३) ह्याने. हाच मार्कस किंग सरकारी पर्यटन खात्यासाठी पोस्टरे काढणाऱ्यांत अग्रगण्य चित्रकार होता! एकाच कुंचल्याने वचनाचेही चित्र काढले आणि त्याच देशाच्या मोकळ्या, रिकाम्या, कोणाचीच नसलेल्या रानापाण्याचेही. मी त्या चित्रकाराला दोष देत नाही. त्याला जे काढावयास सांगितले ते त्याने उत्तम काढले. पण दोन्ही चित्रे शेजारी शेजारी टांगली म्हणजे मधल्या भिंतीवर बरेच काही वाचता येते.

माओरी माणूस पोस्टरांत अजिबात नव्हता असेही नाही. रोटोरुआच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या पोस्टरांवर तो आहे. बहुधा ती आहे, हसून स्वागत करणारी तरुणी. पण मासेमारीच्या ज्या पोस्टरांच्या प्रतिकृती माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत पाण्याकाठी तिचे घर नाही, होडी नाही, मासे सुकविण्याची चौकट नाही. घाट नाही, देऊळ नाही, धुणे धुणारी बाई नाही. आमच्या घरातून जो प्रश्न निघाला त्याचे उत्तर हे असे होते. माणसे नव्हती असे नाही. ती चित्रातून गाळली होती.

ह्या हकीकतीचा शेवट काळाकुट्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. तूफारेतोआ लोकांनी भांडण सोडले नाही. १९२६ साली सरकारशी करार झाला. तळ्याचा तळ सरकारकडे गेला आणि त्याबदली लोकांच्या मंडळाला दर वर्षी तीन हजार पौंड, व परवान्यांचे उत्पन्न त्यापुढे गेल्यास त्यातला वाटा, असे ठरले. हा करारही त्यांच्या मनाविरुद्ध झाला अशी खंत राहिली. अखेर १९९२ साली टाउपोच्या तळाची मालकी त्यांच्याकडे परत आली. आज टाउपोत मासे धरावयास जाणारा मनुष्य त्यांच्या पाण्यात उभा राहतो. पोस्टर मात्र जुनेच आहे.

आपल्याकडेही ह्या कथेचे एक पान आहे. काश्मिरात महाराजा प्रतापसिंहांच्या काळात, १९०० च्या सुमारास, विलायतेहून ट्राउटची अंडी आली. पहिली खेप वाटेत मेली, दुसरी जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारा मिचेल नावाचा स्कॉटिश गृहस्थ ह्या उद्योगाचा पुढारी. हारवानला पैदास सुरू झाली, आणि लिद्दर नदीकाठी तंबू पडू लागले. नदी आपली, डोंगर आपला, आणि पाहुणा मासा बघण्यास पाहुणा माणूस. संस्थानी राजवटीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ह्यात अपरिचित असे काही वाटत नाही. परवाना कोणाला मिळे आणि काठी कोणाच्या पाठीवर बसे, हे सांगावयास नको.

आता ही पोस्टरे पुन्हा मोलाला चढली आहेत. त्या काळी हंगाम संपला की भिंतीवरून ओरबाडून टाकीत, किंवा त्यावरच दुसरे चिकटवीत. जी वाचली ती कोणाच्या माळ्यावर, छापखान्याच्या कपाटात, ग्रंथालयाच्या पेटीत विसरली म्हणून. न्यूझीलंडच्या ह्या पोस्टरांवर २०१२ साली पीटर ऑल्सप, गॅरी स्ट्युअर्ट आणि डेव्ह बॅमफर्ड ह्यांनी 'सेलिंग द ड्रीम' नावाचा भला थोरला ग्रंथ काढला. फुकट वाटलेला कागद आज लिलावात बोली लावून घेतात. त्यांचे सौंदर्य खरे आहे. पाच रंगांत डोंगराची थंडी दाखविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. ते बघून मी हरखलो ह्याची मला लाज वाटत नाही.

पण एक गोष्ट मला आता विसरता येत नाही. ती खोटी माशी आणि हे पोस्टर ह्यांची घडण एकच आहे. दोन्ही कौशल्याने बांधलेली, दोन्ही दिसावयास खऱ्याहून सुंदर, आणि दोन्हींच्या पोटात आकडा. फरक इतकाच, की मासा गळाला लागला की त्याला निदान कळते.

मला आठवते ते महेश्वरचे पाणी. लहानपणी वडिलांबरोबर अहिल्याबाईंच्या घाटावर जात असू. पायरीवर बसून लाह्या टाकल्या की खालून मोठमोठे मासे वर येत. त्यांच्या खवल्यांवर ऊन पडले की तांब्याचे भांडे घासून ठेवल्यासारखे दिसे. नावाडी सांगत, हा महाशीर, नर्मदामाईचा मासा, घाटावर ह्याला कोणी हात लावीत नाही. महाशीराला वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. धरणे झाली, वाळू उपसली गेली, पाणी थांबले, आणि तो दुर्मिळ होत गेला. २०११ साली मध्य प्रदेश सरकारने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. परवा घाटावर गेलो तेव्हा नातवाने लाह्यांची पुडी संपविली. वर आले ते लहान मासे होते. ज्याची मी वाट पाहत होतो तो आला नाही. उपोकोरोरोचा कायदा मला त्या पायरीवर आठवला.

उद्या कोणी नर्मदेचेही पोस्टर काढील. काढावे, ती त्या योग्यतेची आहे. निळे पाणी असावे, संध्याकाळचा घाट असावा, महाशीराने उसळी घेतलेली असावी. माझे मागणे एवढेच, की चित्रकाराने चार रंग जास्त वापरावेत, आणि नावाडी, कहार, धुणे धुणारी बाई, ह्यांच्यापैकी कोणाला गाळू नये. आणि पोस्टर छापून होईपर्यंत पाण्यात मासा शिल्लक असावा.

दिनदर्शिकेचा तो महिना केव्हाच उलटला आहे. मी पान उलटले नाही. आमच्या घरच्यांनीही उलटले नाही. परवा पुतण्याचा फोन आला तेव्हा सौभाग्यवतींनी त्याला विचारले, "अरे, त्या तळ्याकाठी आता माणसं राहतात का रे?" तो म्हणाला, "राहतात की, काकू. पूर्वीपासून राहतात." त्या म्हणाल्या, "मग त्यांचा एखादा फोटो पाठव. इथे चित्राशेजारी लावीन."

खिळा ठोकून ठेवला आहे.